हळदीच्या ठेक्यावरची अंगाई

आक्कांचा आवाज मी पहिल्यांदा नीट ऐकला तो टेपवरची बुरशी पुसता पुसता. तोवर तो कानावरून कितीदा तरी गेला होता. बेळगाव-निपाणी पट्ट्यात लग्नाच्या मांडवात वाढलेल्या कुणालाही तो ओळखीचा आहे. बांगड्या भरण्याचं एक झटपट चालीचं गाणं होतं. कर्ण्यावर ते लागलं की कासार पेटी उघडायचा आणि बायका हसत हात पुढे करायच्या. ते गाणं आक्कांचं, एवढं लोकांना माहीत होतं. आक्का कोण, त्यांनी आणखी काय म्हटलंय, हे कुणी विचारत नव्हतं. मीही कधी विचारलं नव्हतं.

माझं काम जुन्या आवाजांचंच आहे. पुण्यात एका स्टुडिओत काही वर्षं नोकरी केली, आईच्या आजारपणात बेळगावात अनगोळला परत आले आणि इथेच राहिले. घराच्या पुढच्या खोलीत यंत्रं मांडली. लोक वडिलांच्या आवाजाची कॅसेट आणतात, भजनी मंडळाचं जुनं ध्वनिमुद्रण आणतात, लग्नाची व्हिडिओ कॅसेट आणतात. मी ते स्वच्छ करून पेन ड्राइव्हवर भरून देते. कुणी समोर बसून ऐकतं आणि डोळे पुसतं, कुणी नुसतं घेऊन जातं. शांत काम आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी निपाणीचे एक व्यापारी आले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं मधाळ. सगळे त्यांना अण्णा म्हणत, मीही म्हणू लागले. गाणी भरलेली मेमरी कार्डं आणि पेन ड्राइव्ह विकण्याचा त्यांचा धंदा होता. बसस्टँडवर, पेट्रोल पंपावर, जत्रेतल्या गाड्यांवर दोरीला लटकवलेली असतात ती स्वस्तातली पाकिटं. ट्रॅक्टर स्पेशल, भक्ती स्पेशल, हळदी स्पेशल. त्याच गाण्यांचं त्यांचं एक यूट्यूब चॅनेलही होतं. निपाणीतली एक कॅसेट कंपनी कधीच बंद पडली होती. तिच्या मालकाच्या मुलांकडून अण्णांनी सगळ्या मूळ टेपा उचलल्या होत्या आणि त्या पोत्यांत भरून माझ्याकडे आणल्या होत्या.

"जुना माल हाय, ताई," ते म्हणाले. "धुऊन-पुसून द्या. आवाज कसा, काचंसारखा पायजे."

पोती उघडली तेव्हा तंबाखूचा आणि ओलीचा वास खोलीभर पसरला. कंपनीची खोली म्हणे तंबाखूच्या एका वखारीच्या मागेच होती. एकेक टेप मऊ कापडानं पुसायची, हळूहळू यंत्रावर चढवायची, तुटलेली असली तर जोडायची. बरंचसं साहित्य मामुलीच होतं. मग एका डब्यावर आक्कांचं नाव दिसलं. बांगड्यांचं गाणं त्यात नव्हतंच. त्यात होती ती गाणी, ज्यांच्या कॅसेटी कुणी घेतल्या नव्हत्या.

मी ऐकत बसले. आवाज जाड होता, थोडा घोगरा, आणि तो कुठल्याही ओळीला घाई करत नव्हता. एक कडवं मराठीत, पुढचं कानडीत, कधी एकाच ओळीत दोन्ही. वखारीत तंबाखू चाळणाऱ्या बायका जे म्हणायच्या त्यातलं काही, काही त्यांचं स्वतःचं. त्यांच्यासारखं गाणारं आपल्याकडे दुसरं कुणी झालेलं नाही असं मला त्या दुपारी वाटलं आणि अजूनही वाटतं.

सगळ्यात शेवटी एक अंगाई होती. पेटी आणि तबला सुरुवातीला साथीला होते. दुसऱ्या कडव्यानंतर तबला थांबला. पुढे थोड्या वेळानं पेटीही थांबली. आक्का गातच राहिल्या. मराठीत त्या बाळाला सांगत होत्या की वखारीची धूळ डोळ्यांत जाईल, डोळे मिटून घे. मग कानडी कडवं आलं आणि त्यात बाळाचं नाव होतं. ते त्या हाक मारावी तसं घेत होत्या, दर वेळी थोडं हळू. गाणं संपल्यावर टेप कुणी बंदच केली नव्हती. कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज आला, खुर्ची सरकली आणि मग नुसती खरखर.

आक्का हयात आहेत आणि जवळच वडगावात लेकीकडे राहतात, हे मला आमच्या गल्लीतल्या एका विणकराकडून कळलं. छोटं यंत्र आणि हेडफोन घेऊन मी गेले. लेकीच्या घरात पुढच्या खोलीत दोन पॉवरलूम चालू होते. मला बघून तिनं ते बंद केले आणि आत नेलं. आक्का खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. अंगानं बारीक, पण मान ताठ.

मी हेडफोन त्यांच्या कानाला लावला आणि अंगाई सुरू केली. लसणाची पाकळी हातात तशीच राहिली. पूर्ण ऐकून झाल्यावर त्यांनी स्वतःच हेडफोन काढला.

"कुठं घावली ही तुला?"

मी सांगितलं. त्या बोलू लागल्या, आमच्याकडच्या जुन्या बायकांसारखं स्वतःला 'गेलो', 'आलो' म्हणत.

"माझं पोरगं गेलं आनि थोड्या दिवसांनी मी गेलतो तिथं गायला," त्या म्हणाल्या. "जायचंच न्हवतं. पर मालकाचं बोलावणं आलं. सगळी गाणी झाली. मालक म्हणाला, बाई, एका बाजूला जागा उरतीया, कायतरी भर. मला दुसरं काय सुचंना. त्येला झोपवताना म्हणायचो तेच म्हणलं."

"आणि पेटी?"

"पेटीवाला रडाय लागला. तबलजी आधीच उठून भाईर गेलता. मी डोळं झाकून म्हणत हुतो, मला काय कळलंच न्हाय."

आक्का तेव्हा वखारीत तंबाखू चाळायला जायच्या. मूल अंगणात झोळीत असायचं आणि त्या आत चाळणीवर. छातीत धूळ बसली, खोकला झाला आणि तो थांबला नाही. एवढंच त्यांनी सांगितलं. त्या कॅसेटी का विकल्या गेल्या नाहीत, हे सांगताना मात्र त्या जरा हसल्या. मराठी गाणी ठेवणारा दुकानदार म्हणायचा ह्यात कानडी आहे. कानडीवाला म्हणायचा ह्यात मराठी आहे. "आमच्या घरात आई कानडी बोलायची, बा मराठी. आमास्नी कवा दोन वाटलं न्हाय. दुकानाला वाटलं."

मी त्यांना विचारलं की ही गाणी नव्यानं निघणार आहेत, चालेल का. त्यांनी लेकीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काढ की. माझं नाव तेवढं नीट घाल म्हणावं. आनि त्या पोराचं. त्याचं नाव दुसरं कुठंच न्हाय."

पुढच्या खेपेला अण्णा आले तेव्हा मी त्यांना अंगाई ऐकवली आणि तिच्यामागची गोष्ट सांगितली. ते डोळे मिटून बसले होते. मी म्हटलं, ही गाणी वेगळी काढा. एकत्र, आक्कांच्या नावानं, त्यांचा फोटो लावून, ही कुठली आणि कुणाची ते दोन ओळींत सांगून. स्वस्तात काढा, हरकत नाही, पण कापू नका.

"तुम्ही म्हणाल तसं, ताई," ते म्हणाले. "आपल्या मातीतला आवाज हाय. आमच्या बी भावना हायत की." त्यांनी त्या दोन ओळी मलाच लिहायला सांगितल्या. मी लिहिल्या. सगळी गाणी स्वच्छ करून त्यांच्या हवाली केली आणि टेपा पोत्यांत परत भरून दिल्या.

त्यानंतर काही महिने काहीच कानावर आलं नाही. मग जवळच्या मच्छे गावी एका ओळखीच्या घरी मुलीच्या हळदीला गेले होते. सकाळची वेळ. मांडवात मोठाले स्पीकर, मुलं-मुली पिवळी झालेली. ढोलाचा ठेका चालू होता आणि मधूनच एक बारीक, चिरका, भराभर पळणारा आवाज येत होता. मी पोह्याची बशी हातात घेऊन उभी होते. ओळख पटायला थोडा वेळ लागला. आवाजाचा वेग वाढवलेला होता, त्यामुळे गाणारी एखादी लहान मुलगी वाटत होती. पण शब्द तेच होते. वखारीची धूळ. डोळे मिटून घे. आणि प्रत्येक ओळीनंतर शिट्टी आणि 'हळद लागली' असा कुणाचा तरी ओरडा.

पोहे मी तसेच खाली ठेवले. नवऱ्या मुलीची आत्या मला ओढून नाचायला नेत होती. तिचा त्यात काय दोष. मी पोट बिघडलंय असं सांगून निघाले.

तिथून थेट बसस्टँडला गेले. दोरीला लटकवलेल्या पाकिटांमध्ये ते सापडलं. 'हळदी डान्स नॉनस्टॉप'. वर नऊवारी नेसलेल्या, डोळा मारणाऱ्या कुठल्यातरी मुलीचा फोटो. मागे गायकांची नावं होती, त्यात आक्का नव्हत्या. शेवटी 'आणि इतर' असं होतं, त्यात त्या होत्या असं धरायचं. मी पाकीट उलटंपालटं करताना विकणारा म्हणाला, "मॅडम, कन्नड बेकु? कानडी पायजे? त्यात पण हायच की."

त्यानं दुसरं पाकीट दिलं. तीच मुलगी, नुसती साडी बदललेली, अक्षरं कानडी.

घरी येऊन दोन्ही ऐकली. मराठी कार्डावर अंगाईतली मराठी कडवी होती आणि कानडी उडवलेली. कानडी कार्डावर कानडी कडवं होतं आणि मराठी उडवलेली. जिथं एका ओळीत दोन्ही भाषा होत्या तिथं ओळ मधोमध कापून पुढचा भाग ढोलानं भरला होता. एवढं करूनही कानडी कडवं छोटं पडत होतं म्हणून त्यांनी एक युक्ती केली होती. बाळाच्या नावाचं पहिलं अक्षर तोडून ते पुन्हा पुन्हा वाजवलं होतं, डीजे करतात तसं, अडखळत, आणि मग पूर्ण नाव आणि धाडकन ठेका. त्यावर लोकांनी उडी मारायची.

मी कानातून हेडफोन काढला आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं. मग पुन्हा धुतलं. माझ्याच हातानं खरखर काढलेला, काचेसारखा केलेला आवाज होता तो. त्यामुळेच तो इतका सुबक कापता आला होता.

दुसऱ्या दिवशी निपाणी गाठली. अण्णांचं ऑफिस वातानुकूलित होतं, देवाच्या फोटोला ताजा हार, उदबत्ती. त्यांनी पेढे पुढे केले. मी दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली आणि विचारलं, हे काय आहे.

"लई चाललंय, ताई," ते खुशीत म्हणाले. "तुमचा हात लागला म्हणून."

"ती मेलेल्या मुलाची अंगाई आहे. मी तुम्हाला सांगितलं होतं."

"व्हय की. ऐकून माझ्या बी काळजात कालवलं. पर लोकांस्नी आता रडायला येळ न्हाय. ट्रॅक्टरवाला दिवसभर ऊन खातोय, त्येला काय अंगाई ऐकवायची?"

"लोकांना रडू द्या की कधीतरी. आणि कानडी का कापलं?"

"मराठी गिऱ्हाइकाला कानडी नको वाटतं, कानडीवाल्याला मराठी. मी कुणाला नाराज करत न्हाय. दोघांस्नी आपापलं दिलं." त्यांनी एक पेढा तोंडात टाकला. ते चावत बोलत होते आणि मी त्यांच्या ओठाला चिकटलेल्या खव्याकडे बघत होते. त्या माणसात आरडाओरडा नव्हता, उर्मटपणा नव्हता. तो उर्मट असता तर मला बरं वाटलं असतं.

मी म्हटलं, मूळ टेपा मला द्या, मी त्या जपून ठेवते.

"त्या कुठल्या आता? काम झालं म्हणून भंगारात दिल्या. जागा अडत हुती."

मग त्यांनी आवाज खाली आणून मला खरी बातमी दिली. कॉम्प्युटरला आक्कांचा आवाज शिकवायचं काम पुण्यातल्या एका पोराला दिलं होतं. एकदा शिकला की आक्कांच्या आवाजात हवी ती गाणी काढता येणार. निवडणुकीची, पोवाड्याची, वाढदिवसाची. "आक्कांनी बसून ऱ्हायचं, गाणं आपोआप. म्हातारपणी त्रास न्हाय." आणि येत्या रविवारी निपाणीत आक्कांचा जाहीर सत्कार ठरला होता. पत्रकं छापून झाली होती. त्यावर माझंही नाव होतं, 'विशेष सहकार्य' म्हणून.

परत येताना मी वडगावात उतरले. आक्का देवळात गेल्या होत्या. लेकीला मी सगळं सांगितलं, कार्डावरचं गाणंही ऐकवलं. तिचा चेहरा उतरला. ती मागावरचा धागा बोटाला गुंडाळत राहिली.

"आईला आजपातुर कुणी बोलावलं न्हाय," ती म्हणाली. "पत्रक आलं तवापासनं ती सगळ्या गल्लीला दाखवतीया. नवं लुगडं आणलंय. तू हे तिला सांगू नगंस."

मी तिथूनच अण्णांना फोन लावला. सत्कार करायचा तर करा, पण फक्त बांगड्यांचं गाणं वाजवायचं, अंगाई नाही, असं बजावलं. "शब्द दिला, ताई," ते म्हणाले.

रविवारी दुपारी मी आक्कांना आणि लेकीला गाडीत घालून निपाणीला नेलं. वाटेत आक्का खिडकीतून बघत बांगड्यांचं गाणं गुणगुणत होत्या. सभागृह भरलं होतं. आक्कांना मधल्या खुर्चीवर बसवलं, लेक आणि मी त्यांच्या मागे. त्यांच्या डोक्याला फेटा बांधला, तो मोठा होऊन कानावर येत होता, आणि त्या तो दर थोड्या वेळानं सावरत होत्या. भाषणं झाली. एक पुढारी म्हणाले की आक्का म्हणजे सीमाभागातल्या मराठीचा हुंकार. त्यांच्यानंतरचे म्हणाले की आक्का ही कानडी मातीची लेक, तिच्या आईची भाषा कुठली ते विसरू नका. खालून दोन्ही बाजूंनी घोषणा झाल्या. आक्का दोघांनाही हात जोडत होत्या. या दोघांपैकी कुणीही त्यांचं एकही गाणं पूर्ण ऐकलेलं नसणार, हे मला त्यांच्या आवाजावरूनच कळत होतं.

बांगड्यांचं गाणं वाजलं, टाळ्या पडल्या. मला वाटलं, संपलं. आता शाल-नारळ घेऊन घरी जाऊ. तेवढ्यात सूत्रसंचालक माइकवर म्हणाला, "आणि आता आक्कांचं सध्या धुमाकूळ घालत असलेलं गाणं." बाजूनं नाचणाऱ्या मुली धावत आल्या. ठेका सुरू झाला.

मी अण्णांकडे बघितलं. ते पहिल्या रांगेत फोन उंच धरून चित्रण करत होते.

आक्का सुरुवातीला हसत मान डोलवत होत्या. आवाज इतका पळवलेला होता की त्यांना तो ओळखू आला नाही. इथे दोन्ही कार्डांवरचं गाणं एकापाठोपाठ जोडलेलं होतं. मराठी संपून कानडीचा भाग आला. त्या एका अक्षराचं अडखळणं आणि मग ते नाव. आक्कांची मान थांबली. त्या मागे वळल्या.

"कोण म्हणतंय गं हे?"

लेकीनं पदर तोंडाला लावला. नाव पुन्हा आलं, ठेका पडला, खाली पुढच्या रांगांतली मुलं शिट्ट्या मारत उठली.

"मीच न्हवं ही?" आक्का म्हणाल्या.

"व्हय, आक्का."

त्या उठल्या. मी आधाराला हात दिला तो त्यांनी घेतला नाही. चालत माइकपाशी गेल्या आणि सूत्रसंचालकाला म्हणाल्या, "बंद कर." त्याला वाटलं त्यांना गायचंय. त्यानं खूण केली, गाणं थांबलं.

"हे माझ्या पोराचं नाव हाय," आक्का म्हणाल्या. आवाज अजूनही जाड होता, माइक जवळ घ्यावा लागला नाही. "त्ये वारलं तवाचं गाणं हाय हे. ह्येच्यावर नाचू नगा." मग तेच त्यांनी कानडीत सांगितलं, तितक्याच सावकाश.

नाचणाऱ्यांपैकी एक मुलगी पुढे आली, आक्कांच्या पायावर डोकं ठेवलं आणि पडद्यामागे निघून गेली. बाकीच्या मुली हात खाली सोडून उभ्या होत्या. त्या क्षणी सगळ्यांनी उठून घरी जायला हवं होतं. पण सूत्रसंचालकानं माइक परत घेतला आणि म्हणाला, "आक्कांच्या या भावनांसाठी जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या."

आणि टाळ्या पडल्या. भरभरून पडल्या. दोन्ही पुढारी उभे राहून वाजवत होते.

संकेश्वरच्या अलीकडे आक्का म्हणाल्या, गाडी थांबव. रस्त्याच्या कडेला उसाच्या बांधाशी बसून त्या ओकल्या. लेक पाठ चोळत होती. मी पाण्याची बाटली घेऊन उभी होते. चूळ भरून झाल्यावर त्यांनी फेटा काढला, त्यानं तोंड पुसलं आणि तो तिथंच टाकला.

त्याच आठवड्यात अण्णांच्या चॅनेलवर नवीन चित्रफीत आली. आक्का माइककडे चालत जातात ते संथ गतीनं, खाली रडकं व्हायोलिन, त्या बोलतात त्यावर मोठी अक्षरं आणि शेवटी नारळ हातात घेतलेले अण्णा. ती लाखो लोकांनी बघितली. त्यांचा फोन आला.

"सगळे रडत्यात, ताई," ते म्हणाले. "तुम्हीच म्हणला हुता न्हवं, लोकांना रडू द्या म्हणून?"

मी फोन ठेवला. हात साबणानं धुवावा असं वाटलं, जसं काही त्यांचं बोलणं हाताला लागलं होतं.

एका वकिलांना भेटले. त्यांनी कागद मागितले. आक्कांनी त्या काळी कशावर अंगठा दिला होता ते आक्कांनाच माहीत नव्हतं. कंपनीनं सगळं विकत घेतलं, कंपनीकडून अण्णांनी, असा सरळ मामला आहे, असं वकील म्हणाले. लढता येईल, पण आक्कांना कोर्टात उभं राहून ते गाणं पुन्हा पुन्हा ऐकावं लागेल. मी ते आक्कांना सांगितलं. त्यांनी नुसती मान हलवली, नको म्हणून.

मग मी त्यांना मनातली गोष्ट सांगितली. न कापलेली अंगाई माझ्याकडे होती. ती मी त्यांच्या नावानं, त्या मुलाच्या नावानं, काही न बदलता सगळ्यांना ऐकायला ठेवू शकत होते. फुकट. खरं काय होतं ते लोकांना कळेल.

आक्का खाटेवर पाय सोडून बसल्या होत्या. त्या दिवशी हातात काही काम नव्हतं.

"तुझ्याकडं कशात हाय ती?"

मी लॅपटॉप उघडून दाखवला. एका ओळीत नाव होतं, पुढे आवाजाची निळी रेघ.

"आनि कुठं हाय?"

"घरी हार्ड डिस्कच्या डब्यात. बाकी कुठं नाही."

"त्या मान्साकडं?"

"त्यांच्याकडे आता कापलेलीच असेल. अख्खी ते कशाला ठेवतील."

त्यांनी त्या निळ्या रेघेवरून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, "पुसून टाक."

मी समजावायचा प्रयत्न केला. म्हटलं, आक्का, असं गाणं परत होणार नाही. शंभर वर्षांनी कुणी ऐकलं तरी त्याला कळेल. ते नाव राहील.

"ऱ्हाऊ दे म्हणूनच दिलतं की," त्या म्हणाल्या. "बघितलंस न्हवं काय केलं त्येचं. तू चांगली हाईस. तुझ्यानंतर कोण असंल, त्येचं काय सांगतीस? कापायला त्यास्नी अख्खं लागतं. अख्खंच न्हाय तर काय कापतील?"

"तुम्हाला एकदा ऐकायचं असेल ना?"

"मला पाठ हाय."

लेक दाराशी उभी होती. मी त्यांच्यासमोर ते पुसलं, आणि संध्याकाळी घरी येऊन डब्यातलंही पुसलं. हे करताना मला चीड आली होती, आणि ती आक्कांवर नव्हती. आयुष्यभर पुसट झालेले आवाज वर काढणारी मी, आणि सगळ्यात चांगला आवाज वाचवायचा तर तो पुसायचा, अशा जागी त्या गोडबोल्या माणसानं मला आणून ठेवलं होतं.

पुण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याला हे कळलं तेव्हा तो चिडला. असा ठेवा नष्ट करायचा तुला काय अधिकार होता, असं त्यानं विचारलं. मी म्हटलं, मला नव्हताच, आक्कांना होता, आणि त्यांनी तो वापरला. तो म्हणाला, पण आता लोकांकडे काय उरलं? मी म्हटलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या, त्या असतील त्यांच्याकडे.

अण्णा अजून मधूनमधून फोन करतात. कॉम्प्युटरला शिकवलेला आवाज अजून जाड येत नाही, पातळ येतो, त्यावर माझा हात फिरायला हवा, असं त्यांचं म्हणणं आहे. मी उचलत नाही. आक्कांकडे मात्र जाते. त्या माझ्या आईच्या गुडघ्यांची चौकशी करतात, मी त्यांच्या मोतीबिंदूची. गाण्याचा विषय त्या काढत नाहीत आणि मीही काढत नाही.